जुळवाजुळवीचे खेळ आणि मनाचा विसावा

परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावा’ हा प्रश्न दिसला की पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘अ’ गटातील शहरे आणि ‘ब’ गटातील नद्या यांची सांगड घालता घालता बिचाऱ्यांना घाम फुटतो. परंतु हाच विद्यार्थी घरी गेला, हातपाय धुऊन बसला, की आईचा मोबाइल मागून घेतो आणि तांबड्या गोळीशेजारी तांबडी, हिरवीशेजारी हिरवी अशा जोड्या लावण्यात तासभर रमून जातो. तेथे त्याला गुण नकोत, बक्षीस नको, शाबासकीही नको!

केवळ मुलांनाच नावे ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या या आनंद नगरात संध्याकाळी रायसेन रस्त्यावरची वर्दळ वाढली, कारखान्यातून आणि कचेऱ्यांतून मंडळी घरी परतली, की चहाचा कप एका हाती आणि मोबाइल दुसऱ्या हाती असे चित्र घरोघर दिसते. कोणी पत्त्यांचा डाव मांडतो, कोणी रंगीत खडे जुळवितो. जपमाळ बाजूला ठेवून चिनी सोंगट्यांच्या जोड्या शोधणाऱ्या आजीबाईही आमच्या परिचयाच्या आहेत. विचारले तर सर्वांचे उत्तर एकच: “जरा डोके हलके होते.” हे डोके हलके होणे म्हणजे नेमके काय, ते खरोखर होते काय, आणि कोणत्या खेळाने होते व कोणत्याने होत नाही, याचा थोडा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे.

विश्रांती म्हणजे काहीही न करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु आढ्याकडे पाहत पडून राहिलेल्या माणसाचे मन क्वचितच स्वस्थ असते. दिवसभरात अर्धवट राहिलेले काम, कोणी टोचून बोललेला शब्द, उद्याची काळजी ही सारी मंडळी, हात रिकामे झाले की, एकामागून एक दारात येऊन उभी राहतात. ब्ल्यूमा झायगार्निक या विदुषीने बर्लिन येथे केलेले याविषयीचे प्रयोग १९२७ साली प्रसिद्ध झाले. तिने लोकांना लहान लहान कामे दिली, काही पुरी होऊ दिली व काही मध्येच थांबविली. पुरी झालेल्या कामांपेक्षा अपुरी राहिलेली कामे लोकांच्या अधिक ध्यानात राहिली, असे तिला आढळले. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत दर वेळी हाच निष्कर्ष निघाला असे नाही. तरी अपुऱ्या कामाची टोचणी कोणाच्या अनुभवाची नाही?

येथे जुळवाजुळवीचा खेळ कामी येतो. तो मनापुढे एक चिमुकले काम ठेवतो आणि क्षणार्धात ते पुरेही करून देतो. तीन खडे जुळले, नाहीसे झाले, काम संपले. संसारातील कामे अशी चटकन संपत नाहीत. वह्या तपासून होतात न होतात तोच दुसरा गठ्ठा येतो, हे आम्हां शिक्षकांना निराळे सांगावयास नको. म्हणून ज्यात आरंभ आणि शेवट दोन्ही दिसतात असे काम, मग ते कितीही क्षुल्लक असो, मनाला गोड वाटते. शेंगा सोलताना, तांदूळ निवडताना, गजरा ओवताना स्त्रियांच्या मुखावर जी शांती दिसते, तिचे मूळ बहुधा येथेच असावे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मनात येणारे त्रासदायक विचार पुष्कळदा चित्रांच्या रूपाने येतात, आणि डोळ्यांसमोर दुसरी चित्रे फिरवीत बसलेल्या मनाला ती पहिली चित्रे पाहण्यास फुरसत उरत नाही. हे पारखण्यासाठी एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे एक प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. काही स्वयंसेवकांना अपघात व दुखापतीची दृश्ये असलेला चित्रपट दाखविण्यात आला. अर्ध्या तासाने त्यांतील निम्म्या लोकांना दहा मिनिटे ‘टेट्रिस’ खेळावयास दिले आणि उरलेल्यांना नुसते बसवून ठेवले. पुढील आठवडाभर प्रत्येकाने, ती दृश्ये आपोआप किती वेळा डोळ्यांपुढे आली, याची नोंद ठेवली. खेळलेल्यांना ती कमी वेळा दिसली. नंतरच्या एका प्रयोगात शब्दांची प्रश्नमंजूषा देऊन पाहिली, तेव्हा मात्र हा लाभ झाला नाही. म्हणजे नुसते मन गुंतविणे पुरत नाही. आकार आणि जागा यांची सांगड घालण्यातच काही विशेष गुण असावा. अर्थात हा प्रयोगशाळेतील अनुभव आहे, दुःखावरचे औषध नव्हे, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.

या टेट्रिसची कथा मनोरंजक आहे. १९८४ साली मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह हे काम करीत होते. लाकडी ठोकळे पेटीत नीट बसविण्याच्या एका जुन्या खेळाची त्यांना आवड होती. तोच खेळ त्यांनी ‘इलेक्त्रोनिका ६०’ या यंत्रावर रचला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत. म्हणून ठोकळ्यांच्या जागी त्यांनी चौकोनी कंसांची चिन्हे वापरली. वरून आकृती पडते, ती फिरवून योग्य फटीत बसवावयाची, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते, एवढाच खेळ! परंतु तो देशोदेशी पसरला.

त्याच्याही आधीची एक हकीकत आम्हांला अधिक हृद्य वाटते. अमेरिकेत ब्रॉडी लॉकार्ड नावाचा एक तरुण कसरतपटू होता. १९७९ साली सराव करताना झालेल्या अपघाताने त्याचे हातपाय लुळे पडले. पुढे तोंडात धरलेल्या काडीने कळा दाबून त्याने ‘प्लेटो’ नामक संगणक व्यवस्थेवर १९८१ साली एक खेळ तयार केला. माहजाँग या चिनी खेळाच्या १४४ सोंगट्या एकमेकींवर रचलेल्या असतात. ज्या मोकळ्या आहेत त्यांतून सारखी जोडी शोधून काढीत काढीत सारा ढीग उपसावयाचा. १९८६ मध्ये तो ‘शांघाय’ या नावाने बाजारात आला. वर ज्या आजीबाईंचा उल्लेख केला त्या हाच खेळ खेळतात. ज्याला अंथरुणावर कूस बदलणेही दुष्कर, अशा माणसाने जगातील लक्षावधी लोकांच्या विसाव्याची सोय करून ठेवावी, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ अनेकांच्या घरी आला तो कामाच्या निमित्ताने. १९९० साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज ३.०’ बाजारात आणले तेव्हा माऊस हे साधन बहुतेकांना नवे होते. वस्तू पकडून ओढावयाची आणि दुसरीकडे सोडावयाची, हा हाताचा अभ्यास व्हावा म्हणून हा खेळ उपयोगी ठरला. वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या तरुणाने तो लिहिला, आणि सुझान केअर यांनी पत्त्यांची चित्रे काढली. काळ्या इस्पिकवर तांबडी चौकट, काळ्या किलवरवर तांबडे बदाम अशी उतरती रांग लावीत जावयाचे. एक्क्यापासून राजापर्यंत चारही रंग लागले की सारे पत्ते टणाटण उड्या मारीत पडद्याबाहेर जात. डाव संपला! आता मांडा किंवा उठा.

या ‘डाव संपला’कडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण आमच्या मते सारे मर्म त्यातच आहे.

आमच्या घरची बोली कोकणी. आमच्याकडे कोड्याला ‘हुमाण’ म्हणतात. रात्रीची जेवणे आटोपली की आजी हुमाण घाली. उत्तर सापडले की ते हुमाण तेथेच संपे, आणि चार-दोन हुमाणे झाली की आजीचाच डोळा लागे. आमच्या मुलखात सावंतवाडीला गंजिफा तयार होत आल्या आहेत. त्यांचीही गोष्ट अशीच. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, रंगवून, लाखेची झिलई देऊन ही वाटोळी पाने करतात. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने; एकूण १२० पाने. खेळणारे तिघे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस. निम्म्या रंगांत दश्शी मोठी तर निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळ रामाच्या रंगाने सुरू व्हावयाचा आणि रात्री कृष्णाच्या! कोणते पान पडले आणि कोणते उरले, हे ध्यानात ठेवता ठेवता मनाची पुरी कसोटी लागते. पण चाळीस हात झाले की हातातली पाने संपली. पुन्हा पिसावयाचे तर तिघांनाही हवे. एकाला झोप येते, दुसऱ्याला घरून बोलावणे येते, खेळ उठतो. ही कला विसाव्या शतकात लोपू लागली होती. १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागिरांना हाताशी धरून तिला पुन्हा उभे केले. सुटीत कोकणात जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ती पाने अवश्य पाहावीत.

आता नव्या खेळांकडे वळू. १९९४ साली रशियात येवगेनी अलेम्झिन याने ‘शारिकी’ नावाचा खेळ केला. रशियन भाषेत शारिकी म्हणजे लहान गोळे. शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करून एका रंगाचे तीन एका ओळीत आणावयाचे. ते नाहीसे होतात आणि वरून नवे गोळे पडून पट पुन्हा भरतो. हीच कल्पना घेऊन अमेरिकेतील पॉपकॅप कंपनीने २००१ साली ‘बिज्वेल्ड’ काढला आणि २०१२ साली किंग या कंपनीने ‘कँडी क्रश सागा’. माहजाँगचा ढीग उपसत जातो, पत्त्यांचा पट रिकामा होतो. येथे मात्र जेवढे काढावे तेवढे वरून ओतले जाते. रांजण भरता भरत नाही अशी गोष्ट आपण ऐकतो. येथे रांजण रिकामा होत नाही. बिज्वेल्डच्या मूळ प्रकारात निदान चाल उरली नाही की डाव संपे. कँडी क्रशमध्ये चाल उरली नाही तर पट आपणहून पिसला जातो. एक पायरी जिंकली की पुढची तयारच असते, आणि अशा पायऱ्या हजारोंनी आहेत.

हा खेळ फुकट मिळतो. मग तो करणाऱ्यांचा योगक्षेम कसा चालतो? खेळणाऱ्याला पाच ‘जीव’ दिलेले असतात. हरले की एक जातो आणि तो परत यावयास अर्धा तास लागतो. जिंकावयास एकच चाल हवी असताना चाली संपल्या, तर पैसे देऊन आणखी पाच चाली घेता येतात. बहुतेक लोक एक पैसाही देत नाहीत. थोडे लोक देतात, आणि त्यावर सारा डोलारा उभा आहे. २०१६ साली किंग कंपनी जवळजवळ ५९० कोटी डॉलरला विकली गेली, यावरून तो किती भक्कम आहे याची कल्पना यावी. ज्यांनी ती घेतली त्यांना २०२३ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. म्हणजे जिने १९९० साली माऊस शिकविण्यासाठी पत्ते फुकट दिले, तीच कंपनी आज या गोळ्यांचीही मालकीण आहे!

खेळाडूला खिळवून ठेवणारी किल्ली मानसशास्त्रज्ञांना फार पूर्वी सापडली होती. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरचे प्रयोग वर्णिले आहेत. चोचीने कळ टोचली की दाणा मिळतो. किती टोचण्यांनंतर मिळेल हे ठरलेले असेल, तर दाणा मिळाल्यावर कबुतर थोडे विसावते. ते ठरलेले नसेल, कधी पाचव्या तर कधी पन्नासाव्या टोचणीला मिळत असेल, तर ते विसावा न घेता टोचीत राहते. आपण एक खडा हलवावा आणि वरून पडलेले खडे आपोआप जुळत जाऊन एकदम दहा-वीस नाहीसे व्हावेत, हा त्या अनिश्चित दाण्याचाच प्रकार आहे. कबुतराशी केलेली ही तुलना कोणास अपमानकारक वाटेल. परंतु अर्ध्या तासासाठी हाती घेतलेला मोबाइल दोन तासांनी खाली ठेवणाऱ्या माणसाने रागावण्यापूर्वी घड्याळ पाहावे.

हरल्यावर मुले स्वतःला मंदबुद्धी समजतात, हे आम्ही वर्गात ऐकले आहे. त्यांच्या समाधानासाठी एक गोष्ट सांगतो. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील टोबी वॉल्श यांनी आणि इटलीतील गुआला, लेउची व नाताले या तिघांनी स्वतंत्रपणे असे सिद्ध केले की, कँडी क्रशचा पट मोठा होत गेला तर अमुक चालींत अमुक गुण मिळतील की नाही हे ठरविणे ‘एनपी-हार्ड’ या वर्गात मोडते. ज्या प्रश्नांना झटपट सोडविणारी सर्वसाधारण रीत आजवर कोणास सापडलेली नाही, अशा कठीण प्रश्नांचा हा वर्ग आहे. टेट्रिसविषयी असाच निकाल २००२ सालीच लागला होता. तेव्हा गोळ्यांनी हरविले म्हणून कोणी कष्टी होऊ नये. पत्त्यांच्या ‘फ्रीसेल’ या खेळात तर मूळ ३२,००० डाव क्रमांकवार दिलेले होते. १९९४-९५ च्या सुमारास अनेक हौशी लोकांनी ते वाटून घेऊन सोडविले आणि फक्त एकच कोणालाही सुटला नाही: क्रमांक ११९८२. पुढे संगणकानेही तो सुटणे शक्य नाही असे दाखविले. बाकी सारे सुटतात, ही खात्री खेळणाऱ्याला केवढा धीर देते!

एका पालकांनी आम्हांस विचारले, “मुलाचे हे खेळ साफ बंद करावेत काय?” त्यांच्या मनात बहुधा पैसे लावून खेळण्याचे प्रकार असावेत, त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. जुळवाजुळवीचे साधे खेळ निराळे. ते बंद करावेत असे आम्हांस वाटत नाही. घरातील मोठी माणसे स्वतः खेळत असता तर मुळीच नाही. परंतु ज्याचा डाव संपतो असा खेळ घ्यावा, आणि डाव संपला की उठावे, एवढे आम्ही अवश्य सांगू. फ्रीसेल, माहजाँगचा ढीग, सुडोकू, शब्दकोडे हे सारे या जातीचे. निजावयाच्या आधी मात्र तेही नकोत. हार्वर्ड येथे रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी काही लोकांना तीन दिवस टेट्रिस खेळविले. झोप लागता लागता निम्म्याहून अधिक लोकांना ठोकळे पडताना दिसू लागले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्मृती नष्ट झालेले काही रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो याची त्यांना आठवण नव्हती, तरी त्यांच्यापैकी काहींच्या मिटल्या डोळ्यांपुढे ठोकळे पडतच होते.

ज्यांच्या घरी मोबाइल मागितला की नकार मिळतो, त्यांच्यासाठी कागद-पेन्सिलीचा एक खेळ सांगून थांबतो. देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी तो शोधला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. फावल्या वेळी आकड्यांशी खेळणे हीच त्यांची करमणूक. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला त्यांची ओळख पटली. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. सात पायऱ्यांच्या आत, फार तर सातव्या पायरीला, ६१७४ येते. आणि तेथून पुढे दर वेळी ६१७४ च येत राहते, म्हणजे खेळ आपणहून संपतो. आपल्या शेजारचा भेलचा कारखाना ज्या कंपनीतून वाढला तिची स्थापना १९५६ ची. ९६५१ वजा १५६९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्या झाल्या. टेट्रिसचे साल १९८४ घेतले तर दोनच पुरतात. २००५ साली जन्मलेले जे माजी विद्यार्थी हा अंक वाचतील, त्यांना मात्र आपल्या सालासाठी पुऱ्या सात पायऱ्या उतराव्या लागतील.